पोटातली मोठी शीर नव्याने जोडताना

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला. वार पोर्टल व्हेनला, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला लागला होता. तिला हात घालण्याची त्या काळी कुणाची तयारी नव्हती आणि काही तासांतच कार्नो गेले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या आलेक्सी कारेल यांना ही हतबलता सलत राहिली. भरतकाम करणाऱ्या बाईंकडून ते बारीक सुई चालवायला शिकले आणि १९०२ मध्ये त्यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत मांडली. दोन्ही तोंडं तीन जागी टाके घालून ताणायची, गोलाचा त्रिकोण झाला की एकेक बाजू शिवून घ्यायची. १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ही विद्या यायला मात्र बराच काळ गेला. पोर्टल व्हेन स्वादुपिंडाला अगदी खेटून जाते, त्यामुळे तिथली गाठ तिला सहज धरते. अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये स्वादुपिंडाचं डोकं काढण्याची शस्त्रक्रिया मांडली, तरी शीर गाठीत अडकलेली दिसली की बहुधा तिथेच थांबलं जाई. १९५१ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी आतड्याकडची शीर गाठीबरोबर कापून टोकं पुन्हा जोडल्याची नोंद केली. १९७३ मध्ये जोसेफ फोर्टनर त्याही पुढे गेले. शीर आणि आसपासचा मोठा भाग एकगठ्ठा काढायचा, असा त्यांचा मार्ग होता. गुंतागुंत फार झाली, आयुष्य त्या मानाने वाढलं नाही आणि शीर कापण्याची कल्पनाच मागे पडली. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. सरसकट कापणं वेगळं आणि गाठ पुरती निघावी म्हणून गरजेपुरती शीर काढणं वेगळं.

पुढचा धडा यकृत प्रत्यारोपणातून आला. थॉमस स्टार्झल यांच्या गटाने १९८४ मध्ये सांगितलं, की टाक्याच्या धाग्याची शेवटची गाठ शिरेला टेकवून मारू नका, थोडी दूर मारा. रक्त सोडलं की शीर फुगते, सैल ठेवलेला धागा आत ओढला जातो आणि जोड आवळत नाही.

कापलेल्या दोन टोकांमधलं अंतर मोठं असेल तर मधे जोडायला दुसरा तुकडा लागतो. शिरेतला दाब कमी, प्रवाह संथ, म्हणून गुठळीची भीती कायम असते. त्यात आतडं उघडलेलं आणि स्वादुपिंडाचा रस गळण्याचा धोका असताना कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग झाला तर तो हटता हटत नाही. म्हणून जैविक पर्याय पुढे आले: मानेतली किंवा मांडीतली शीर, डाव्या मूत्रपिंडाची शीर (तिचं रक्त शेजारच्या लहान शिरांतून वाट काढतं), दात्याच्या गोठवून ठेवलेल्या रक्तवाहिन्या, ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया केलेलं गाईचं हृदयावरण. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या बोजाँ रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पोटाच्या भिंतीचं आतलं अस्तर वापरल्याचे अनुभव मांडले. ते त्याच जखमेतून मिळतं, दुसरीकडे चिरावं लागत नाही.

अधोमहाशिरेच्या, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या गाठींमध्ये, आतडं उघडायची वेळ येत नसेल, तर पीटीएफई या प्लास्टिकची कृत्रिम नळी आजही वापरली जाते.