फिजिओथेरपीतील व्यावसायिक नीती

फिजिओथेरपीतील व्यावसायिक नीती : रुग्णाची तपासणी, स्पर्श, उपचार, नोंदी, मोबदला, जाहिरात आणि इतर वैद्यकीय व्यावसायिकांशी असलेले संबंध यांबाबत फिजिओथेरपिस्टने पाळावयाचे नियम व संकेत. या शाखेला मराठीत भौतिकोपचार, भौतिक चिकित्सा असे प्रतिशब्द आहेत. बोलताना मात्र ‘फिजिओ’ हाच शब्द चालतो आणि उपचाराला ‘शेक घेणे’, ‘करंट लावणे’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. ही बोली नीतीच्या दृष्टीने अगदीच निरुपद्रवी नाही. उपचार यंत्र करते असा समज रूढ झाला, की यंत्र लावणारा पात्र आहे की नाही हे कोणी विचारीत नाही.

गोपनीयता, संमती, भेदभाव न करणे हे नियम डॉक्टर, परिचारिका यांना लागू असलेल्या नियमांसारखेच आहेत. या व्यवसायाचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. फिजिओथेरपिस्टचा रुग्णाला होणारा स्पर्श दीर्घ व वारंवार असतो. आणि उपचार कोणाच्या अधिकाराने सुरू करायचा, याचे उत्तर या व्यवसायाने आपल्या इतिहासात एकदा पूर्णपणे उलटे केले आहे.

उगम : अंगमर्दन करणाऱ्यांसाठी आचारनियम असल्याचा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतो. राजाला स्नान घालणे, अंग चोळणे ही कामे दासींनी करावीत आणि उटणी, चूर्णे, स्नानद्रव्ये राजाला लावण्यापूर्वी स्वतःच्या छातीला व बाहूंना लावून दाखवावीत, असे तेथे सांगितले आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत निरनिराळा मानला जातो. तेथील ‘संवाहक’ (अंग चोळणारा) या शब्दावरून भारतीय फिजिओथेरपीची परंपरा तेथवर नेण्याचा मोह काही लेखकांना होतो. परंतु तो नियम विषप्रयोगापासून राजाचा बचाव करण्यासाठी आहे. रुग्णाचे हित वा व्यवसायाने स्वतःवर घातलेले बंधन त्यात नाही. म्हणून प्रस्तुत विषयाचा आरंभ तेथे धरणे योग्य वाटत नाही.

आधुनिक आचारसंहितेचा आरंभ सामान्यतः लंडनमध्ये, १८९४ साली मानतात. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक धंद्यांवर टीका केली आणि मसाज शिकलेल्या परिचारिकांच्याही प्रतिष्ठेवर सावट आले. ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ (प्रशिक्षित मसाजकार स्त्रियांची संस्था) स्थापन केली. सोसायटीचे सुरुवातीचे नियम मोजकेच होते. वैद्यकीय निर्देशाविना मसाज करू नये. पुरुषांना सर्वांगाचा मसाज देऊ नये. मात्र तातडीच्या व शुश्रूषेच्या प्रसंगी डॉक्टरने खास विनंती केल्यास अपवाद चालेल. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कोठेही जाहिरात करू नये. रुग्णांना औषधे विकू नयेत. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिचे नाव ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झाले.

या नियमांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. संस्थेच्या परंपरेत ही चार धीट स्त्रियांनी व्यवसायाची अब्रू राखल्याची कथा आहे. निकोल्स व चीक या संशोधकांनी २००६ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते स्पर्शाला शिस्त लावून, शरीराकडे यंत्रासारखे पाहून आणि डॉक्टरांचे छत्र स्वीकारून या व्यवसायाने मान्यता मिळवली. नियम हे त्या सौद्याचे साधन होते. स्वीडिश इतिहासकार अँडर्स ओटोसन यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये जिम्नॅस्टिक्सची मध्यवर्ती संस्था काढली. तेथून बाहेर पडलेले उपचारक बहुधा वरच्या वर्गातील पुरुष, पुष्कळदा लष्करी अधिकारी होते. ते स्वतंत्रपणे रुग्ण पाहत आणि अस्थिविकारतज्ज्ञांशी बरोबरीने वाद घालीत. स्वीडनमध्ये १८८७ पासून त्यांची शासकीय नोंदणीही होऊ लागली. तेव्हा डॉक्टरांच्या आज्ञेत राहणे हा या व्यवसायाचा जन्मजात धर्म नव्हता, तो पुढे आणि मुख्यतः स्त्रियांवर लादला गेला, असे ओटोसन म्हणतात. लिखित संहितेचा उगम लंडनला देऊनही हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण चारपैकी पहिला नियम स्पर्शाच्या शुद्धतेपेक्षा अधिकाराविषयी बोलतो.

निर्देशाच्या नियमाचा अस्त : ‘डॉक्टरने पाठवल्याशिवाय रुग्ण घेऊ नये’ ही तरतूद अनेक देशांत केवळ प्रशासकीय नव्हती, ती नीतितत्त्व म्हणूनच छापलेली होती. तिचा भंग करणारा अडाणी नव्हे, अनैतिक ठरे. ऑस्ट्रेलियातील संघटनेने १९७६ मध्ये आपले हे पहिले नीतितत्त्व रद्द केले. ब्रिटनमध्ये १९७७ च्या शासकीय परिपत्रकाने उपचाराचे स्वरूप व कालावधी ठरवण्याचा फिजिओथेरपिस्टचा अधिकार मान्य केला. या बदलाबरोबर जबाबदारीही सरकली. पूर्वी ‘डॉक्टरांनी लिहून दिले होते’ हे उत्तर पुरत असे. आता पाठदुखीमागे अस्थिभंग, जंतुसंसर्ग वा कर्करोग तर नाही ना, हे ताडणे आणि शंका येताच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवणे हेच नीतीचे कलम झाले.

जागतिक पातळीवरील महासंघ १९५१ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाला (२०२० पासून नाव ‘वर्ल्ड फिजिओथेरपी’). त्याची नीतितत्त्वे आठ आहेत : सर्व व्यक्तींचे हक्क व प्रतिष्ठा यांचा आदर, कायद्याचे पालन, सुज्ञ निर्णयाची जबाबदारी, प्रामाणिक व सक्षम सेवा, सेवेचा दर्जा, न्याय्य मोबदला, अचूक माहिती आणि समाजाच्या आरोग्यगरजांसाठी सेवांच्या नियोजनात सहभाग. यांपैकी मोबदल्याचे तत्त्व कर्तव्य सांगत नाही, हक्क सांगते. अशा यादीत ते थोडे उपरेच वाटते.

भारतातील स्थिती : भारतात या व्यवसायाचे औपचारिक शिक्षण मुंबईत, पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाच्या निकडीतून सुरू झाले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील प्रशिक्षणकेंद्राचे स्थापनावर्ष काही ठिकाणी १९५२, तर काही ठिकाणी १९५३ दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य त्याला लाभले होते. ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ ही संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली आणि १९६७ मध्ये जागतिक महासंघाची सदस्य झाली. संघटनेची आचारसंहिता सदस्यांपुरतीच बंधनकारक असते; तिच्या बाहेर राहून व्यवसाय करणाऱ्यावर तिचा धाक नसतो. कायद्याचा आधार फार उशिरा, आणि तोही राज्याराज्यांतून मिळाला. दिल्लीचा कायदा १९९७ चा आहे. महाराष्ट्राचा ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषद अधिनियम नावाने २००२ चा असला, तरी २००४ चा अधिनियम क्रमांक २ म्हणून नोंदला गेला आहे. उल्लेखांत दोन्ही वर्षे दिसतात ती यामुळे. केंद्रीय परिषदांसाठी २००७ मध्ये मांडलेले विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम संमत केला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग असून, फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे किंवा बहुशाखीय चमूचा घटक म्हणून व्यवसाय करू शकतो, असे व्याख्येतच म्हटले आहे. किमान अर्हता पदवी आहे. आचारसंहितेची अंमलबजावणी राज्य परिषदांकडे असून, राज्य नोंदवहीतून नाव काढून टाकण्यापर्यंत कारवाई करता येते. प्रत्येक राज्य परिषदेत नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.

नावामागे ‘डॉ.’ लावावे का, हा वाद बाहेरच्याला मानापमानाचा वाटतो. नीतीच्या अंगाने पाहिले तर तो अचूक माहितीच्या तत्त्वाचा प्रश्न आहे : समोर बसलेली व्यक्ती कोण आहे, हे रुग्णाला कळते का? आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ अशी मुभा देण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांच्या अधिनियमाचा दाखला देऊन याला आक्षेप घेणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. उपाधी लावल्यास ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द पाटीवर तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा, ही मधली वाट रुग्णाच्या बाजूची आहे.

स्पर्श व संमती : तपासणीसाठी शरीराचा भाग उघडा करावा लागतो, तेवढाच भाग उघडून बाकीचा चादरीने झाकावा, हा शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासूनचा पाठ आहे. कोठे हात लावणार व का, हे आधी सांगणे, स्त्री-रुग्णासाठी स्त्री-मदतनीस वा नातेवाईक हजर ठेवणे, पडदा असणे हे संकेत रूढ आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची अंतर्गत तपासणी आणि मानेच्या मणक्यांवरील झटक्याची हाताळणी यांसाठी स्वतंत्र, स्पष्ट संमती घ्यावी लागते. मानेच्या हाताळणीत रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचित असला, तरी गंभीर असतो. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात (२००८) तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, असे म्हटले. तो खटला डॉक्टरविरुद्धचा होता, पण तत्त्व येथेही तेच लागू पडते. पहिल्या दिवशी घेतलेली सही पुढच्या दहा ‘सिटिंग’ना पुरते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

घरी जाऊन उपचार करण्याची पद्धत शहरांत मोठी आहे. अर्धांगवायूचा रुग्ण अंथरुणावर, सून स्वयंपाकघरात, शेजारी चौकशीला दारात, अशा खोलीत गोपनीयता राखायची असते. रुग्णाला बोलता येत नसेल, तर प्रश्न मुलाला विचारले जातात आणि निर्णयही त्याचाच घेतला जातो. मान हलवून किंवा बोट दाबून रुग्ण उत्तर देऊ शकतो का, हे आधी पाहणे अपेक्षित आहे.

उपकरणांची सुरक्षितता : या शाखेत निष्काळजीपणाची खूण बहुधा भाजल्याच्या फोडाने दिसते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. म्हणून शेक देण्याआधी गरम व गार पाण्याच्या परीक्षानळ्या त्वचेला लावून रुग्णाला फरक कळतो का, हे पाहायचे असते. शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युत्-चुंबकीय लहरींनी शरीराच्या आत ऊब देणारा उपचार) लावताना ‘सुखद ऊब जाणवली पाहिजे, चटका वाटला तर लगेच सांगा, नाहीतर भाजेल’ अशी सूचना द्यावी लागते. पेसमेकर असलेल्याला ही डायथर्मी देत नाहीत. परीक्षेत हे सर्व पाठ असते. एकाच वेळी चार पलंगांवर चार यंत्रे लावून मदतनीसाच्या भरवशावर सोडलेल्या दवाखान्यात ते कितपत पाळले जाते, हे खोलीत शिरताच कळते.

मोबदला व जाहिरात : गुडघा वा खांदा सुधारण्यासाठी रुग्णाने स्वतः व्यायाम करणे बहुधा यंत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरते. व्यायाम शिकवला की रुग्ण घरी जातो; यंत्र लावत राहिले की तो येत राहतो. म्हणून गरज संपल्यावर उपचार थांबवणे हे तत्त्व येथे थेट उत्पन्नाला भिडते. आगाऊ पैसे घेऊन विकलेली ‘पॅकेज’ त्याच कारणाने वादग्रस्त आहेत. रुग्ण पाठवणाऱ्याला टक्केवारी देण्याची ‘कट प्रॅक्टिस’ आचारसंहितांच्या दृष्टीने गैरवर्तन आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून तिच्या प्रतिबंधाच्या कायद्याचा मसुदा करून घेतला. तो मसुद्याच्या पुढे गेला नाही. सोसायटीच्या काळातील जाहिरातबंदी मात्र आता कोठेच तशी उरलेली नाही. ‘हमखास गुण’ सांगणे आणि रुग्णाची चालतानाची आधीची व नंतरची चित्रफीत परवानगीविना दाखवणे, हे आजचे निषिद्ध प्रकार आहेत.

खेळाडूंबाबत एक वेगळा पेच पडतो. संघाच्या फिजिओथेरपिस्टला पगार संघ देतो आणि दुखापत खेळाडूची असते. मांडीचा स्नायू ताणला आहे हे निवड समितीला सांगायचे की नाही, याचे उत्तर करारात आधीच लिहिलेले असावे आणि खेळाडूला ते ठाऊक असावे, असे मानले जाते.