हात दोन, कामं तीन

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया चालू आहे. सर्जनच्या दोन्ही हातांत लांब दांड्याची अवजारं. पोटातलं दृश्य समोरच्या पडद्यावर दिसतंय. पण ते दाखवणारा कॅमेरा शेजारच्या ज्युनिअर डॉक्टरच्या हातात. 'आत घे.' 'जरा डावीकडे.' 'अरे, सरळ धर!' थोड्या वेळानं ज्युनिअरचा खांदा भरून येतो आणि चित्र थरथरायला लागतं. डोळे आपले, पण ते फिरवणार दुसराच.

यावर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर मोशन या कंपनीनं 'ईसॉप' नावाचा यांत्रिक हात काढला. १९९४ मध्ये त्याला एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली. पुढच्या आवृत्तीत तो चक्क आवाजावर चालू लागला. सर्जननं आपला आवाज आधी नोंदवून ठेवायचा आणि मग हुकूम सोडायचे. कल्पना झकास होती. पण 'डावीकडे' म्हणजे किती डावीकडे? हाताला हे सांगावं लागत नाही, शब्दाला लागतं. गाडी मागे घेताना कुणीतरी मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे... बस्स!' म्हणतं ना, तसलाच प्रकार. आणि 'बस्स' उच्चारेपर्यंत गाडी वीतभर जास्तच गेलेली असते.

ब्रिटनमधल्या 'एंडोअसिस्ट'नं शब्द सोडून मान धरली. सर्जनच्या डोक्यावर इन्फ्रारेड किरण सोडणारी छोटी वस्तू बसवायची. मान ज्या बाजूला वळेल त्या बाजूला कॅमेरा. पण माणूस मान काही कॅमेऱ्यासाठीच वळवत नाही. नर्सकडे अवजार मागताना वळवतो, भूलतज्ज्ञाला 'बीपी किती?' विचारताना वळवतो. म्हणून त्यांनी पायाशी एक पेडल दिलं. ते दाबलेलं असेल तेव्हाच मानेचं ऐकायचं.

मला या सगळ्या विषयाचं मर्म त्या पेडलमध्ये दिसतं. हुकूम ओळखणारं यंत्र बनवणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. हा हुकूम नव्हे, हे यंत्राला कळणं अवघड.

डोळ्यांच्या बाबतीत हे फारच टोकाला जातं. आपली नजर सेकंदाला साधारण तीन-चार उड्या मारते, त्यातल्या बहुतेक आपल्या नकळत. प्रत्येक उडी हुकूम मानली तर भस्मासुराचीच गत: हात जिथे पडेल तिथे राख! एफडीएनं २०१७ मध्ये मंजूर केलेल्या 'सेनहान्स' रोबोटमध्ये नजरेवर कॅमेरा फिरतो. पडद्यावर सर्जन जिथे पाहतो तो भाग मध्यभागी येतो, डोकं पुढे नेलं की दृश्य जवळ येतं. पण त्यासाठी रोबोट चालवायच्या मुठीवरचं बटण दाबून धरायचं. नजर दिशा सांगते. होकार बोटानंच द्यायचा.

सगळ्यांत जास्त बोलबाला असलेला 'दा विंची' रोबोट तर पायांवर बराच भार टाकतो. मुळात तो स्वतःच्या मनानं काही करत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या बैठकीवर, बसून तिथल्या मुठी फिरवतो, तसतशी रोग्याच्या पोटातली अवजारं फिरतात. हाताची हालचाल लहान करून, बोटांचा बारीक कंप गाळून. कॅमेऱ्याचं पेडल दाबलं की अवजारं जागच्या जागी थिजतात आणि त्याच मुठींनी कॅमेरा फिरवता येतो. क्लचचं पेडल दाबलं की हात आणि अवजार यांचा संबंध तुटतो. माउस टेबलाच्या कडेला पोचला की आपण तो उचलून पुन्हा मध्ये आणतो, तसे हात सोयीच्या जागी आणायचे. शिवाय पिवळं पेडल ऊतक कापायला, निळं रक्तस्राव थांबवायला. पाय बिचारा न बघता हे सगळं शोधतो, म्हणून कित्येक सर्जन कन्सोलवर बसताना पायातलं काढून ठेवतात. संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्याला यात नवल वाटणार नाही. भाता पायांनी हाकून दोन्ही हात सुरांसाठी मोकळे ठेवायची युक्ती त्याच्याकडे केव्हापासून आहे.

याच कन्सोलवर 'हुकूम नाही' हे ओळखणारी आणखी एक गोष्ट आहे. आतलं दृश्य बघायला डोकं ज्या खोबणीत ठेवायचं तिथे सेन्सर असतो. सर्जननं डोकं बाहेर काढलं की मुठी कितीही हलवा, आत काही हलत नाही. गुरुग्राममध्ये तयार होणाऱ्या 'एसएसआय मंत्रा'चा कन्सोल उघडा असतो, सर्जन थ्रीडी चष्मा लावून मोठ्या पडद्याकडे बघतो. तिथे हेच काम डोक्याचा मागोवा घेणारा कॅमेरा करतो.

आता पुढचा प्रयत्न असा, की कुणी काही सांगायचंच नाही; कॅमेऱ्यानं अवजाराचं टोक स्वतः ओळखून त्याच्या मागे जायचं. पण टोक सतत हलत असतं. प्रत्येक हालचालीमागे कॅमेरा धावला तर बघणाऱ्याला गरगरायला होईल. म्हणून पडद्याच्या मधोमध एक 'निवांत' भाग आखतात. टोक त्यात आहे तोवर कॅमेरा ढिम्म, कडेला गेलं तरच सरकायचं. आणि सर्जननं अवजार बदलायला बाहेर काढलं, तर? तेव्हा त्याच्यामागे जायचं नाही, हेही कॅमेऱ्याला शिकवावं लागतं.