जाळे कशाला चिकटते : स्पायडर-मॅनच्या गेमविषयीच्या मतांची पार्श्वभूमी

७ सप्टेंबर २०१८ रोजी इन्सोम्नियाक गेम्सचा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ प्लेस्टेशन ४ वर आला. त्यानंतर खेळाडूंनी जे लिहिले, त्यात कथेविषयी किंवा मारामारीविषयी बोलण्याआधी बहुतेक जण जाळे टाकून शहरभर घेतलेल्या झोक्यांविषयी बोलत होते. शहरात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झटकन पोहोचण्याची सोय गेममध्ये होती, आणि भुयारी रेल्वेत इतर प्रवाशांच्या शेजारी बसलेला स्पायडर-मॅन पाहायला मिळावा म्हणून काही जण ती मुद्दाम वापरत. पण ‘ती सोय वापरावीशीच वाटली नाही’ हे वाक्य कौतुक म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिले. ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवे तिकडे फिरू देणाऱ्या प्रकारातील बहुतेक गेमबद्दल तक्रार असते ती नेमकी उलट, म्हणजे अंतरे फार आहेत, नुसते चालण्यात वेळ जातो, अशी. इथे अंतर कापणे हाच आनंद ठरला होता. हे मत मागच्या अठरा वर्षांच्या आठवणीतून घडलेले होते, आणि ती आठवण समजून घेतल्याशिवाय २०१८ चे कौतुक कळत नाही आणि २०२३ नंतरची नाराजीही कळत नाही.

सुरुवात २००० सालापासून करावी लागते. त्या वर्षी नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओने पहिल्या प्लेस्टेशनसाठी ‘स्पायडर-मॅन’ हा गेम केला. त्याचा पाया याच स्टुडिओच्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ या स्केटबोर्डच्या गेममधून घेतलेला होता. गच्च्यांवरून गच्च्यांवर उड्या मारता येत, पण खाली रस्ताच नव्हता; होते ते विषारी धुके. कथेत या धुक्याचे कारण दिले होते, खरे कारण मात्र यंत्राच्या मर्यादेचे होते, कारण संपूर्ण शहर पडद्यावर रेखाटणे त्या कॉन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राला, झेपणारे नव्हते. जाळे वरच्या दिशेने सुटे आणि आकाशातच कुठेतरी अडके. ट्रेयार्क या स्टुडिओने २००२ साली चित्रपटावर आधारित जो गेम केला, त्यातही जाळे आकाशालाच चिकटत होते. तेव्हा याची फारशी कोणी तक्रार केली नाही, कारण याहून वेगळे काही असू शकते हे खेळाडूंनी पाहिलेलेच नव्हते.

ते त्यांना जून २००४ मध्ये दिसले. त्याच ट्रेयार्कचा ‘स्पायडर-मॅन २’ प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या कॉन्सोलवर आला आणि त्यात न्यूयॉर्कचे मॅनहॅटन हवे तिकडे फिरायला मोकळे होते. ३२ मेगाबाइट मेमरी असलेल्या प्लेस्टेशन २ वर खेळाडू पुढे सरकेल तसतसा शहराचा पुढचा तुकडा डिस्कवरून उचलून आणायचा, हे काम तेव्हा सोपे नव्हते. पण खरा बदल जाळ्यात होता. ट्रेयार्कमधील जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी अशी यंत्रणा उभी केली की बटण दाबताच गेम आसपासच्या इमारतींवर चिकटण्याजोगी जागा शोधे, जाळे तिथे अडके, आणि तिथून एक लंबक तयार होई. झोका कधी सोडायचा, वेग कधी वाढवायचा, दोन जाळी एकाच वेळी टाकून गलोलीसारखे स्वतःला कसे भिरकावायचे, हे सगळे खेळाडूला शिकावे लागे. पहिल्या तासात तो भिंतींवर आपटत असे. जिथे उंच इमारत नाही तिथे जाळ्याला आधारच नसे, त्यामुळे सेंट्रल पार्कच्या कडेला पोहोचले की वेग मरत असे. पण त्यामुळेच शहराचा आकार हाताला कळू लागला. कुठल्या भागात इमारती दाट आहेत आणि कुठे विरळ, हे लोकांना नकाशा न उघडता ठाऊक झाले.

बाकी गेम तितका भक्कम नव्हता, आणि हेही त्या वेळचे खेळाडू स्पष्टपणे सांगत. रस्त्यावरचे गुन्हे तेच ते होते, मुलांचे सुटलेले फुगे पकडून देण्याचे काम शंभरदा समोर येई, पिझ्झा पोहोचवण्याच्या मोहिमेतले संगीत आजही लोकांच्या कानात आहे. तरीही पुढची चौदा वर्षे प्रत्येक नवा स्पायडर-मॅन याच गेमशेजारी ठेवून मोजला गेला. आपल्याकडच्या अनेकांच्या वाट्याला मात्र हा गेम आलाच नाही. त्याच नावाने संगणकासाठी जो गेम विकला गेला, तो दुसऱ्या स्टुडिओने लहान वयाच्या मुलांसाठी केलेला साधा गेम होता आणि त्यात जाळे टाकण्याच्या जागा खुणा करून ठरवून दिलेल्या होत्या. ज्यांच्या हाताशी घरचा संगणक किंवा सायबर कॅफे एवढेच होते, त्यांनी परदेशी खेळाडूंची भरभरून लिहिलेली वर्णने वाचली आणि समोर वेगळेच काही पाहिले. ‘कॉन्सोलवर वेगळे, संगणकावर वेगळे’ हा संशय आपल्या खेळाडूंच्या बोलण्यात इतका खोल का आहे, याचे एक कारण मला इथे दिसते.

त्यानंतरच्या काळात सुपरहिरोच्या मोकळ्या शहराचा विचार इतर स्टुडिओही करत होते. रॅडिकल एंटरटेनमेंटने २००५ साली हल्कचा ‘अल्टिमेट डिस्ट्रक्शन’ केला, आणि शहर मोडण्यातली मजा ज्यांनी त्यात अनुभवली ते आजही त्याचे नाव घेतात. २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये एक चांगली कल्पना होती: सुपरमॅनला इजा होत नाही, म्हणून किती जीव उरला ते दाखवणारी पट्टी त्याची न दाखवता मेट्रोपोलिस शहराची दाखवली होती. गेम मात्र लोकांच्या पसंतीला उतरला नाही. २००९ मध्ये ‘इन्फेमस’ आणि ‘प्रोटोटाइप’ एकमेकांपाठोपाठ आले आणि या दोन गेमची तुलना खेळाडूंमध्ये कितीतरी दिवस चालली.

सगळ्यात मोठा परिणाम झाला तो बॅटमॅनमुळे. रॉकस्टेडी या स्टुडिओने बॅटमॅनच्या ‘अर्कम असायलम’ (२००९) आणि ‘अर्कम सिटी’ (२०११) या दोन गेममधून हातघाईच्या लढाईची एक लय बसवून दिली. अनेक शत्रूंनी वेढलेले असताना एकाकडून दुसऱ्याकडे वाहत जायचे आणि डोक्यावर खूण दिसली की वार उलटवायचा, ही ती पद्धत. ही खूण म्हणजे खरे तर स्पायडर-मॅनचीच संकटाची चाहूल, असे त्याचे चाहते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पुढे २०१८ मध्ये ‘लढाई अर्कमसारखीच वाटते’ हे वाक्य काहींनी कौतुकाने तर काहींनी नाराजीने लिहिले, त्याचे मूळ इथे आहे. दोहोंतला फरक बारीक असला तरी खेळताना जाणवतो: बॅटमॅन वार अडवतो, तर स्पायडर-मॅन वार चुकवतो आणि त्याच झटक्यात हवेत जातो. याच मालिकेच्या ‘अर्कम नाइट’ने (२०१५) दुसराही एक धडा दिला. बॅटमोबिल या बॅटमॅनच्या रणगाड्यासारख्या गाडीच्या लढायांना लोक कंटाळले, आणि संगणकावरची आवृत्ती इतकी नादुरुस्त निघाली की प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सने काही दिवसांतच तिची विक्री थांबवली. ती पुन्हा विक्रीला आली ऑक्टोबरमध्ये. खेळाडूंच्या एकत्रित नाराजीला इतके वजन असू शकते, हे तेव्हा साऱ्यांना दिसले. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंची मते नोव्हेंबर २०१३ पासूनच विक्रीच्या पानावर दिसू लागली होती, आणि मत देणारा किती तास खेळला हेही त्याशेजारी दिसत होते.

स्पायडर-मॅनची स्वतःची वाट या काळात अरुंद झाली होती. २०१० आणि २०११ मध्ये बीनॉक्स या स्टुडिओचे दोन गेम आले, त्यात मोकळे शहर नव्हतेच. २०१२ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये शहर परत आले, पण जाळे पुन्हा आकाशाला चिकटू लागले. २०१४ च्या दुसऱ्या भागात ते इमारतींना चिकटू लागले, डाव्या आणि उजव्या हाताला वेगवेगळी बटणे मिळाली. मात्र रस्त्यावरचे गुन्हे वेळेत न थांबवल्यास नायकाची प्रतिमा खालावण्याची जी योजना होती, तिने ती सगळी मोकळीक खाऊन टाकली. कुठेही जायला निघाले की घड्याळ मागे लागे. त्यानंतर आतापर्यंतचे हे गेम काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन या प्रकाशकाकडून मार्व्हलच्या नायकाचा प्रवास प्लेस्टेशनवाल्या सोनीकडे वळला, आणि काम कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या इन्सोम्नियाककडे आले, ज्या स्टुडिओने २०१४ च्या ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’मध्ये जमिनीला पाय न लावता शहरभर फिरण्याचा खेळ आधीच करून पाहिला होता.

ई३ या गेमउद्योगाच्या वार्षिक प्रदर्शनात २०१६ मध्ये घोषणा झाली आणि ई३ २०१७ मध्ये खेळाचा लांबलचक नमुना दाखवला गेला. त्या नमुन्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये वाद पेटला. जुन्या आणि नव्या चित्रांची शेजारी शेजारी तुलना करून लोकांनी दाखवले की एका दृश्यात जमिनीवर साचलेल्या पाण्याची डबकी लहान झाली आहेत. इन्सोम्नियाकने सांगितले की दर्जा उतरवलेला नाही, फक्त डबक्यांचा आकार बदलला आहे. हे खरेच होते, आणि नंतर त्यांनी गेमच्या फोटो मोडमध्ये (खेळ थांबवून छायाचित्र काढण्याच्या सोयीत) डबक्यांची स्टिकर देऊन विषय हसण्यावारी नेला. तरीही तो संशय उगाच नव्हता. २०१२ च्या ई३ मध्ये ‘वॉच डॉग्ज’ या दुसऱ्या एका गेमचे जे रूप दाखवले गेले होते, ते २०१४ मध्ये विक्रीला आलेल्या गेममध्ये नव्हते, आणि तो अनुभव लोक विसरले नव्हते.

गेम हाती आल्यावर डबकी मागे पडली. पहिल्या तीन दिवसांत ३३ लाख प्रती विकल्या गेल्या. झोक्यांबद्दलचे एकमत किती अवघड कामाला मिळालेली पावती होती, हे मात्र दीड वर्षाने कळले. मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना समजावून सांगताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी याच गेमचे उदाहरण दिले: हार्ड डिस्कच्या काट्याला शोधाशोध करावी लागू नये, म्हणून काही वस्तूंचा डेटा डिस्कवर ४०० वेळा साठवून ठेवला होता. रस्त्याकडेची टपालपेटी प्रत्येक चौकाच्या तुकड्यासोबत पुन्हा लिहून ठेवायची, तेव्हा कुठे झोका न अडखळता पुढचा चौक पडद्यावर येई. खेळाडूला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त हात मोकळा लागतो आणि तो ‘छान वाटते’ एवढेच लिहितो.

नाराजीच्या जागाही ठरलेल्या होत्या. स्पायडर-मॅनची मैत्रीण मेरी जेन आणि पुढे स्वतः स्पायडर-मॅन होणारा मुलगा माइल्स यांच्या लपतछपत जाण्याच्या मोहिमा, प्रत्येक विभागातले ठरावीक संख्येचे गुन्हे, प्रयोगशाळेतली कोडी. कोडी हवी तर वगळण्याची सोय होती. मेरी जेनच्या मोहिमांवरची टीका सगळ्यात तिखट होती आणि काही वेळा ती त्या पात्रावरच घसरली, हे मला अन्यायाचे वाटते, कारण दोष पात्राचा नव्हता. अर्धा तास शहरावरून उडणाऱ्याला अचानक वाकून, हळू, एका कपाटाआडून दुसऱ्या कपाटाआड नेले की तो चिडणार. याच काळात सॅम रेमी यांच्या चित्रपटांतला पोशाख द्यावा म्हणून चाहत्यांनी तीन महिने स्टुडिओचा पिच्छा पुरवला. डिसेंबर २०१८ मध्ये तो आला. पुष्कळांसाठी तो २००४ च्या गेमचाही पोशाख होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये माइल्सला नायक करणारा ‘माइल्स मोरालेस’ हा गेम आला. कौतुक झाले, लांबी कमी असल्याची तक्रारही झाली. त्याच सुमारास २०१८ च्या गेमच्या सुधारित आवृत्तीत पीटरचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, चेहरा बदलला गेला. आवाज देणारे युरी लोवेंथाल यांच्या हावभावांशी नवा चेहरा अधिक जुळतो, असे कारण स्टुडिओने दिले. विरोध समजण्यासारखा होता, कारण ज्याच्यासोबत माणसाने चाळीस-पन्नास तास घालवले, तो रातोरात वेगळा दिसू लागतो. पण सर्जनशील दिग्दर्शक ब्रायन इंटिहार यांना धमक्या येण्यापर्यंत हा विरोध गेला, आणि तिथे मताचा हक्क संपतो.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ आला आणि २४ तासांत २५ लाख प्रती खपल्या. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर सरासरी शंभरपैकी ९० होती, पहिल्या गेमची ८७. खेळाडूंचे मत मात्र हळूहळू अधिक कठोर होत गेले. खलनायक व्हेनमचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, ही त्यातली मुख्य तक्रार. सगळी बळे घेऊन पुन्हा सुरुवात करण्याची सोय पहिल्या दिवशी नव्हती, ती मार्च २०२४ मध्ये आली. माइल्सच्या घरात पोर्टो रिकोऐवजी क्युबाचा झेंडा लागला होता; ही चूक खेळाडूंनीच पकडली आणि स्टुडिओने माफी मागून ती सुधारली. मेरी जेनच्या हाती यावेळी शत्रूंना गारद करणारे विजेचे शस्त्र होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये संगणकावरची आवृत्ती जाहीर करतानाच कथेत नवी भर पडणार नसल्याचे सांगितले गेले, आणि पहिल्या गेमला नंतर जोडले गेले तसे कथेचे तीन जादा भाग मिळतील या आशेवर असलेले लोक दुखावले. ती आवृत्ती ३० जानेवारी २०२५ ला आली, तेव्हा गेम मध्येच बंद पडत असल्याने स्टीमवरचा शेरा ‘मिश्र’ होता. २०२२ मध्ये पहिला गेम संगणकावर नीट उतरला होता, आणि आपल्याकडच्या अनेकांची या मालिकेशी पहिली खरी ओळख त्याच आवृत्तीतून झाली होती, म्हणून ही निराशा त्यांना अधिक लागली.

या साऱ्या गदारोळात २०२३ च्या गेममधली एक लहानशी गोष्ट कमी चर्चिली गेली. झोके घेताना गेम खेळाडूला किती सांभाळून घेईल, हे १० पासून ० पर्यंत कमी करता येते, आणि उंचावरून पडल्यावर इजा व्हावी असेही ठरवता येते. २००४ चा गेम लहानपणी खेळलेले कितीतरी जण आता आकडा शून्यावर आणतात, पहिल्या काही मिनिटांत भिंतींवर आपटतात, वेग चुकतो, रस्त्यावर कोसळतात, आणि मग इमारतीची कड नेमकी कुठे संपते ते पाहून पुढचे जाळे टाकतात.