खंडकरी (सोलापूर जिल्हा)

साखर कारखान्यांच्या ऊसमळ्यांसाठी खंडाने (भाडेपट्ट्याने) जमिनी दिलेले मूळ मालक व त्यांचे वारस. जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः माळशिरस तालुक्यातील, नीरा उजव्या कालव्याखालच्या गावांचा आहे.

मळ्यांचा प्रारंभ साधारणतः १९३० च्या दशकातला. भाटघर धरणाचे पाणी आल्यावर सासवडच्या माळी बागाइतदारांनी माळीनगर येथे कारखाना काढला (१९३२). श्रीपूरचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापिला. जिराईत शेतकऱ्याने जमीन का सोडली, याबद्दल मतभेद आहेत. एक मत सावकारी कर्जाला दोष देते. परंतु पाणी दाराशी येऊनही उसाचे भांडवल, खत, बैल हाताशी नव्हते, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. कर्ज तर कालव्याआधीही होतेच.

महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा (१९६१, अंमल २६ जानेवारी १९६२) कारखान्यांच्या मळ्यांनाही लागू झाला. अतिरिक्त जमीन भूमिहीनांना वाटणे हा सामान्य नियम. मात्र कलम २८ ने उसाचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून मळे अखंड ठेवण्याची मुभा दिली, आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे ते गेले. यातील पेच असा : कायद्याने काढून घेतली ती कारखान्याची धारणा, पण मालकी खंडकऱ्याची होती. खंडकऱ्यांचा दावा याच भेदावर उभा राहिला आणि तो ग्राह्य धरणे रास्त होते. पुढे खंडकऱ्यांना जमीन परत देण्याची तरतूद करणारे कलम २८-१अअ आले; प्रत्यक्ष वाटपाला गती २०१२ च्या सुमारास मिळाली. परतावाही कमाल मर्यादेतच, म्हणजे बारमाही पाण्याखालील क्षेत्र १८ एकरांपर्यंत, खातेदाराची इतर जमीन हिशेबात धरून. त्यामुळे भाऊबंदकीतील वाटण्या, वारसनोंदी व जुने फेरफार यांची छाननी तलाठ्यापासून प्रांताधिकाऱ्यापर्यंत चाले.

महामंडळाच्या रूपाने मोठा शेतकरी शासन आणि निवाडा करणारेही शासनच, ही या संबंधांची खरी अडचण. गावठाणवाढ, स्मशानभूमी किंवा शिवरस्ता मळ्याच्या हद्दीत पडला, की ग्रामपंचायतीच्या ठरावाने भागत नसे. महामंडळाची संमती लागे. मळ्यावरील चाळींत राहणाऱ्या मजुरांना जमिनीवर खंडकऱ्यासारखा वारसाहक्क नव्हता. त्यांची मागणी राहत्या घराच्या जागेची होती. परत मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग-२ म्हणून नोंदली गेल्याने विक्रीवर निर्बंध आले, आणि वर्ग-१ ची, म्हणजे निर्बंधमुक्त धारणेची, मागणी पुढे आली.