मीटर २४ दाखवतो, तरी दिवा मिणमिणता का?

जुन्या लोडरचा मागचा दिवा लागत नाही. बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांना मीटर लावला, तर आकडा चोख २४ व्होल्ट. म्हणजे करंट येतोय, बल्बच उडाला असणार. नवा बल्ब बसवला, तर तोही काजव्यासारखा मिणमिणतो. जुन्या डोझर-ग्रेडरसारख्या मातीकामाच्या यंत्रांच्या वायरिंगमध्ये हात घातलेल्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. मग मीटरवरचा विश्वासच उडतो. खरं तर मीटरने विचारलं तेवढंच, आणि बरोबरच, सांगितलेलं असतं.

डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. २४ व्होल्टला त्यातून जेमतेम अडीच मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. एवढ्याशा प्रवाहाला तांब्याची केसाएवढी एक तार शाबूत असली तरी पुरते. ७० वॅटच्या बल्बला मात्र जवळजवळ ३ अँपिअर लागतात, म्हणजे मीटरच्या सुमारे बारा लाख पट. तीच गंजकी वाट मीटरला प्रशस्त आणि बल्बला बंद. म्हणून बल्ब काढून घेतलेल्या मापावर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. माप घ्यायचं ते बल्ब जागेवर ठेवून आणि दिवा चालू करून.

पद्धत सोपी आहे. दिवा चालू ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या पॉझिटिव्हला लावा. येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. मग तसंच दिव्याच्या अर्थपासून, म्हणजे यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेल्या परतीच्या टोकापासून, बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू ठीक समजायची. जास्त असेल तर एकेक सांधा ओलांडत पुढे सरकायचं. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, दोष तिथेच असतो.

निदान जुन्या यंत्रांत तरी मी सुरुवात अर्थच्या बाजूने करतो. यंत्राचं लोखंडी अंग हीच परतीची तार असल्याने दिव्यातून निघालेला प्रवाह ब्रॅकेट, बोल्ट, केबिनचा पत्रा आणि चासी असं करत बॅटरीकडे परततो. यातला प्रत्येक सांधा पावसात भिजलेला, चिखलात माखलेला आणि कधीतरी रंगवलेला असतो. गंज आणि रंग, दोन्हींतून वीज नीट जात नाही. शिवाय केबिन बहुधा रबरी माउंटिंगवर बसलेली असते, आणि रबरातून तर वीज जातच नाही. केबिन आणि चासी जोडणारी विणीची पट्टी तुटली, की प्रवाह बिजागऱ्यांतून आणि कंट्रोल केबलमधून जमेल तशी वाट काढतो. एका बाजूचा इंडिकेटर लावल्यावर टेल लॅम्पही त्याच तालात लुकलुकू लागला, तर समजावं की प्रवाहाला हक्काचा अर्थ मिळत नाही आणि तो शेजारच्या फिलामेंटमधून परततो आहे.

०.२ ओहम म्हणजे किती किरकोळ! पण ७० वॅटच्या चार दिव्यांचा अर्थ एकाच बोल्टवर असेल आणि तिथे एवढाच रोध असेल, तर गणित असं होतं: चार दिव्यांचा मिळून रोध सुमारे २ ओहम, प्रवाह साडेदहा अँपिअरच्या आसपास, आणि बोल्टवर हरवतात २ व्होल्टच्या थोडे वर. त्या एका बोल्टपाशी २२ वॅट उष्णता तयार होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. असा सांधा हाताला चटका देतो, तापल्याने आणखी काळा पडतो आणि त्याचा रोध आणखी वाढतो. प्रकाशाचं नुकसान तर त्याहून मोठं. फिलामेंटच्या बल्बचा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. उलट ५ टक्के जास्त मिळाला तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. २४ व्होल्टच्या यंत्रात २८ च्या आसपास आकडा हवा. ३० च्या वर गेला तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासा.

बूम (यंत्राचा उचलणारा हात) वर असताना दिवा लागतो आणि खाली आली की विझतो, असा दोष वळणावरच्या वायरमध्ये सापडतो. बाहेरून इन्सुलेशन धड दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. स्विच बंद करून ती वायर हलकेच ओढून पाहा. तुटल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते. कापल्यावर आतलं तांबं काळं दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. ओल बारीक तारांच्या फटींतून हातभर आतसुद्धा पोचलेली असते.

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी जाड तार घालणं मात्र मला कधीच सहन झालेलं नाही. वायरिंगला खेटून हायड्रॉलिक होज गेलेले असतात, आणि तापलेल्या वायरशेजारी तेल गळत असेल तर आग लागायला वेळ लागत नाही.

सांधा सापडला की आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हीही घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरी जोडून, दिवे लावून पुन्हा तेच माप घ्या. मघाशी २ दाखवणारा मीटर आता ०.१ च्या आसपास आला पाहिजे. हे न करता नुसते एलईडी दिवे बसवले तरी उजेड पडतो, कारण त्यांना प्रवाह कमी लागतो. खराब बोल्ट मात्र तिथेच राहतो, आणि वायपरची मोटर त्याच अर्थवर असेल तर पावसात ती रखडू लागते.