असिस्टेड लिव्हिंग : अमेरिकेतील खर्च आणि ज्येष्ठांना मिळणारी आर्थिक मदत

अंघोळ, कपडे, औषधे अशा रोजच्या गोष्टींत ज्यांना कुणाचा तरी हात लागतो, पण चोवीस तास परिचारिकेची गरज नसते, अशा वृद्धांसाठीची अमेरिकेतील सशुल्क निवासव्यवस्था. स्वतःची खोली किंवा छोटा फ्लॅट, आतून लावता येणारे दार, जेवणखाण, साफसफाई आणि हाकेच्या अंतरावर मदतनीस असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेल्या निवासापासून या कल्पनेला आजचे रूप येत गेले. पक्षाघातामुळे त्यांच्या आईला तुलनेने कमी वयातच नर्सिंग होममध्ये, म्हणजे चोवीस तास शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी संस्थेत, राहावे लागले होते, आणि तिथल्या शिस्तीत तिचा जीव रमत नव्हता. नर्सिंग होमांसाठी केंद्र सरकारची सविस्तर नियमावली आहे. असिस्टेड लिव्हिंगचे परवाने मात्र राज्ये देतात. त्यामुळे नियम, सोयी आणि सरकारी मदत ही सगळीच राज्यागणिक बदलते.

जेनवर्थ ही विमा कंपनी आणि तिची केअरस्काउट ही शाखा यांच्या २०२४च्या पाहणीनुसार या निवासाचा राष्ट्रीय मध्यक खर्च महिना ५,९०० डॉलर, म्हणजे वर्षाला ७०,८०० डॉलर होता. त्याच पाहणीत नर्सिंग होममधील स्वतंत्र खोलीचा वार्षिक खर्च १,२७,७५० डॉलर निघाला. पण असा आकडा हाती घेऊन हिशेब मांडणाऱ्या कुटुंबाची फसगत होण्याचा संभव असतो, कारण जाहिरातीत दिसते ते बहुधा नुसते खोली-जेवणाचे मूळ भाडे. काळजीचे पैसे वेगळे. दाखल होण्यापूर्वी एखादी परिचारिका येऊन पाहणी करते : मोजे स्वतः चढवता येतात का, शॉवरखाली उभे राहताना दंड धरावा लागतो का, गोळ्या आठवणीने घेतल्या जातात की कुणी काढून द्यायच्या, रात्री किती वेळा उठवावे लागते. प्रत्येक उत्तराचे गुण पडतात, गुणांवरून काळजीची पातळी ठरते आणि पातळी चढली की महिन्याचे बिल शेकडो डॉलरांनी वाढते. ही पाहणी दर काही महिन्यांनी पुन्हा होते. शिवाय बऱ्याच ठिकाणी दाखल होताना एकरकमी शुल्क घेतात आणि ते परत मिळत नाही. भाडे दरवर्षी वाढते ते निराळेच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीचा बंदिस्त विभाग आणखी महाग असतो. करारात पाहायची खरी जागा म्हणजे पातळ्यांचे दरपत्रक. दर्शनी भागातील झुंबर आणि बाग नव्हे.

मदतीच्या योजना अनेक आहेत, पण त्या सगळ्यांना एक गोष्ट लागू पडते : अमेरिकी सरकार वृद्धाच्या उपचाराचे पैसे देते, गरिबाच्या काळजीचे देते, मात्र असिस्टेड लिव्हिंगमधील छप्पर आणि ताट यांचे सहसा देत नाही.

मेडिकेअर ही १९६५च्या कायद्याने आलेली, मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीची केंद्रीय आरोग्यविमा योजना. ती असिस्टेड लिव्हिंगचे भाडे देत नाही, आणि तिथे रोज लागणाऱ्या मदतीचे पैसेही देत नाही. किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर कुशल शुश्रूषेसाठी ती प्रत्येक आजारकालावधीत जास्तीत जास्त शंभर दिवसांचा भार उचलते. त्यांतले पहिले वीस दिवस पूर्ण, पुढचे अंशतः. लोकांचा गैरसमज होतो तो या शंभर दिवसांवरूनच. ही सोय बरे होण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही.

मेडिकेड ही त्याच वर्षीची, पण केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त खर्चाने चालणारी, अल्प उत्पन्न व अल्प मालमत्ता असणाऱ्यांसाठीची योजना. नर्सिंग होममध्ये ती राहण्या-खाण्याचा खर्चही उचलते. असिस्टेड लिव्हिंगच्या बाबतीत १९८१च्या कायद्याने राज्यांना खास सवलत-कार्यक्रम काढण्याची मुभा मिळाली. त्यांतून काळजीचे पैसे मिळतात, भाडे आणि जेवण रहिवाशाने आपल्या पेन्शनमधून द्यायचे. काही राज्ये अशा रहिवाशांच्या भाड्यावर मर्यादा घालतात किंवा त्यांना थोडी पूरक रक्कम देतात. या कार्यक्रमांतील जागा मर्यादित असल्याने अनेक राज्यांत प्रतीक्षायादी असते. कित्येक संस्था मेडिकेडचे रहिवासी घेतच नाहीत. काही घेतात, पण आधी काही काळ स्वखर्चाने राहण्याची अट घालून.

पात्रतेसाठी मालमत्ता जवळजवळ संपवावी लागते. बऱ्याच राज्यांत एकट्या व्यक्तीला घर, गाडी अशा सवलती वगळता दोन हजार डॉलरच जवळ ठेवता येतात. मागे राहणाऱ्या जोडीदाराला १९८८च्या कायद्याने काही संरक्षण दिले आहे. मुलांच्या नावे पैसे करून टाकण्याची पळवाट २००६च्या सुरुवातीस झालेल्या कायद्याने बरीच आवळली गेली : अर्जाआधीच्या पाच वर्षांतील सगळी देणगीवजा हस्तांतरे तपासली जातात. समजा आजींनी नातवाला ६०,००० डॉलर दिले आणि त्या राज्यात नर्सिंग होमचा महिन्याचा सरासरी दर १०,००० डॉलर धरतात, तर सहा महिने मदत बंद. ही शिक्षा देणगी दिल्या दिवसापासून मोजली जात नाही; पैसे संपून माणूस एरवी पात्र ठरतो तेव्हापासून ती सुरू होते. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक देणगी-सवलतीत बसणारी रक्कमही यातून सुटत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. १९९३पासून ५५ वर्षांवरील लाभार्थीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून दीर्घकालीन काळजीचा खर्च वसूल करणे राज्यांवर बंधनकारक आहे. तेव्हा जिवंतपणी वाचलेले घर नंतरही वाचेलच असे नाही.

युद्धकाळात सैन्यात सेवा केलेल्यांना व त्यांच्या हयात जोडीदारांना निवृत्तिवेतनाला जोडून ‘एड अँड अटेंडन्स’ हा वाढीव भत्ता मिळू शकतो. तो रोख हातात येत असल्याने भाड्यालाही वापरता येतो, म्हणून इतर योजनांत तो उठून दिसतो. उत्पन्न-मालमत्तेची मर्यादा यालाही आहे आणि २०१८पासून मागील तीन वर्षांची हस्तांतरे तपासली जातात.

दीर्घकालीन काळजीचा खासगी विमा घेतलेला असल्यास तो साधारणपणे असिस्टेड लिव्हिंगला चालतो. अंघोळ, कपडे, जेवण, शौच, उठबस आणि मलमूत्रावर ताबा या सहांपैकी किमान दोन गोष्टी स्वतःहून जमत नसल्या किंवा गंभीर स्मृतिभ्रंश असला, की दावा करता येतो. मात्र पुष्कळ पॉलिसींत आधी नव्वद दिवस पदरचे पैसे घालावे लागतात. लोक किती जगतील आणि किती जण पॉलिसी मध्येच सोडतील याचे जुन्या कंपन्यांचे अंदाज चुकले. परिणामी म्हातारपणी, नेमक्या नको त्या वेळी, हप्ते भराभर वाढले. सरकारी विम्याचा केंद्रीय प्रयत्न २०१०च्या आरोग्य कायद्यात होता, तो सुरू होण्याआधीच २०१३ साली रद्द झाला. वॉशिंग्टन राज्याने मात्र जुलै २०२३पासून पगाराच्या ०.५८ टक्के कपात करून असा निधी उभारायला घेतला; त्यातून जुलै २०२६पासून प्रत्येकी आयुष्यभरात ३६,५०० डॉलरपर्यंत मदतीची तरतूद आहे. मध्यक दराने ती सहा महिने पुरेल.

घरावर पैसे उभे करायचे तर ६२ वर्षांनंतर मिळणारे सरकारी हमीचे रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहत्या घरावर मिळणारे आणि तिथे राहत असेपर्यंत न फेडायचे कर्ज, आहे, पण एकट्या व्यक्तीसाठी ते इथे उलटते : कर्जदार सलग बारा महिन्यांहून अधिक काळ आजारपणामुळे घराबाहेर राहिला की कर्ज फेडावे लागते. नवरा-बायकोंपैकी एक जण घरीच राहणार असेल आणि कर्ज दोघांच्या नावे असेल, तर ते उपयोगी ठरू शकते. करात थोडा दिलासा मिळतो. डॉक्टर वा परवानाधारक तज्ज्ञाने काळजीचा आराखडा लिहून दिला असेल, तर दीर्घकाळ परावलंबी व्यक्तीचा काळजीखर्च वैद्यकीय खर्चात धरता येतो व उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवरील भागाची वजावट मिळते.

मुलांकडे ग्रीनकार्डावर आलेल्या भारतीय आईवडिलांची स्थिती यातही वेगळी आहे. अमेरिकेत स्वतः किंवा जोडीदाराने सुमारे दहा वर्षे काम करून कर भरलेला नसेल, तर मेडिकेअर फुकट मिळत नाही. सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर ते पूर्ण हप्ता भरून विकत घेता येते. मेडिकेडसाठीही १९९६च्या कायद्याने बहुतेकांना पाच वर्षांची थांबण्याची अट आहे, आणि त्यानंतरही पालकांना बोलावताना त्यांना आर्थिक आधार देण्याच्या हमीपत्रावर सही केलेल्या मुलाचे उत्पन्न पालकांचे म्हणून मोजले जाऊ शकते.