एक राजवाडा, दोन संग्रहालयं: बीजिंगचं गुगोंग आणि तैपेईचं गुगोंग

जेड या मौल्यवान दगडात कोरलेला कोबी पाहायचा म्हणून कुणी बीजिंगचं तिकीट काढलं, तर तो अख्खा राजवाडा पालथा घालेल आणि कोबी न पाहताच परत येईल. कोबी तैपेईत आहे. उलट, छिंगमिंग सणाच्या दिवसांतली नदीकाठची वर्दळ दाखवणारं सोंग घराण्याच्या काळातलं प्रसिद्ध गुंडाळीचित्र पाहायला कुणी तैपेई गाठलं, तर त्याच नावाचं, त्याच विषयाचं, पण सुमारे सहाशे वर्षांनी काढलेलं दुसरं चित्र त्याच्यासमोर येईल. मूळ चित्र बीजिंगमध्ये आहे.

गोंधळाचं मूळ नावात आहे. चिनी भाषेत दोन्ही संग्रहालयांना लोक 'गुगोंग'च म्हणतात, म्हणजे 'पूर्वीचा राजवाडा'. अधिकृत नावांत फरक एवढाच की तैपेईच्या नावात 'राष्ट्रीय' हा शब्द जास्तीचा आहे. आपण मराठीत दोघांनाही पॅलेस म्युझियम म्हणून मोकळे होतो. शनयांगलाही मांचू राजांचा जुना राजवाडा आहे आणि त्यालाही गुगोंग म्हणतात, पण त्याची गोष्ट वेगळी आहे.

फोटो पाहून मात्र दोन्ही चटकन ओळखता येतात. लाल भिंती, पिवळी झिलई दिलेली कौलं, समोर दगडी फरसबंदीचं अफाट अंगण असेल तर ते बीजिंग. मागे हिरवीगार टेकडी, फिकट पिवळ्या भिंती, हिरवट-निळी कौलं आणि पुढे पांढरी भव्य कमान असेल तर ते तैपेई. पिवळी कौलं ही बादशहाची खूण होती. तैपेईची इमारत बांधली गेली तेव्हा बादशाही संपून पन्नास वर्षं उलटली होती.

बीजिंगचं गुगोंग म्हणजेच फॉरबिडन सिटी. मिंग घराण्यातल्या योंगले बादशहाने 1406 मध्ये बांधकाम सुरू केलं आणि 1420 मध्ये ते पुरं झालं. त्यानंतर मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे मिळून 24 बादशहा इथे राहिले. क्षेत्र सुमारे 72 हेक्टर, भोवती 52 मीटर रुंद खंदक. 'नऊ हजार नऊशे साडेनव्याण्णव खोल्या' ही दंतकथा बरीच ऐकू येते. स्वर्गाच्या देवाकडे दहा हजार, म्हणून बादशहाने अर्धी खोली कमी ठेवली, असं ती सांगते. प्रत्यक्षात मोजल्या तेव्हा पावणेनऊ हजारांच्या आसपास भरल्या.

हे सगळं लाकडी बांधकाम आहे, हे पाहताना विसरायला होतं. मुख्य दरबाराची वास्तू, थायहे सभागृह, बांधून पुरं झालं आणि 1421 मध्येच वीज पडून जळालं. नंतरही ते अनेकदा जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. आज दिसतं ते 1695 चं आहे. म्हणूनच आगीची धास्ती इथे जागोजागी दिसते. अंगणात पाण्याने भरलेले तांब्या-लोखंडाचे रांजण असत आणि हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव ठेवत.

याच सभागृहाच्या छपराकडे जरा निरखून बघा. कौलारू कोपऱ्याच्या उतरत्या धारेवर छोट्या आकृत्यांची रांग आहे. पुढे पक्ष्यावर बसलेला एक दिव्य पुरुष आणि त्याच्यामागे ओळीने दहा प्राणी. इमारतीचा मान जेवढा मोठा, तेवढे प्राणी जास्त. एरवी ही रांग नवावर थांबते. दहावा, पंख असलेला माकडासारखा जीव, फक्त थायहे सभागृहावर आहे. त्या छपराखालचा माणूस कोण, हे अंगणात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला प्राणी मोजूनही कळलं असतं.

मागच्या बाओहे सभागृहाच्या उतरणीवर नऊ ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा आहे, साडेसोळा मीटरहून लांब आणि दोनशे टनांहून जड. असले दगड बीजिंगच्या नैर्ऋत्येकडच्या फांगशानच्या खाणीतून येत. ऐन हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून त्याचा बर्फ करायचा आणि त्यावरून शिळा ओढत न्यायची, अशी ती पद्धत. पाण्यासाठी वाटेत विहिरी खणलेल्या असत.

1912 मध्ये शेवटचा बादशहा पुयी गादीवरून उतरला, पण राजवाड्याच्या आतल्या भागात तो 1924 पर्यंत राहत होता. या बारा वर्षांत बऱ्याच मौल्यवान वस्तू बाहेर गेल्या. भावाला भेट देतोय असं दाखवून पुयीने हजारावर चित्रं आणि सुलेखनाचे नमुने बाहेर काढले. नोव्हेंबर 1924 मध्ये त्याला वाड्याबाहेर काढल्यावर एका समितीने दालनं उघडून एकेक वस्तू नोंदवायला घेतली. नोंदवहीतली पहिली वस्तू कोणती असेल? रत्न नाही, चित्रही नाही. दारापाशी सापडलेलं दोन पायऱ्यांचं एक लाकडी पाय-स्टूल. मला ही नोंद फार आवडते. जे समोर येईल ते लिहायचं, त्यात राजाचं आणि साधं असा भेद करायचा नाही. शेवटी 11 लाख 70 हजारांवर नोंदी झाल्या आणि 10 ऑक्टोबर 1925 रोजी राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. त्या दिवशी गुगोंग एकच होतं.

ते दोन झालं युद्धांमुळे. 1931 मध्ये जपानने मांचुरिया घेतला आणि बीजिंगवरही संकट येणार हे दिसू लागलं. निवडक वस्तू कापूस आणि काडात गुंडाळून पेट्यांत भरल्या गेल्या, आणि फेब्रुवारी 1933 पासून त्या दक्षिणेकडे निघाल्या. राजवाडा संग्रहालयाच्या एकूण 13,427 पेट्या आणि 64 गाठोडी होती. आधी शांघाय, मग नानजिंग. 1937 मध्ये नानजिंगवरच हल्ला होणार असं दिसल्यावर त्या तीन वाटांनी पश्चिमेकडे पांगल्या, कुठे आगगाडीने, कुठे यांगत्सेच्या बोटींनी, कुठे डोंगरातल्या रस्त्यांवरून ट्रकने. दक्षिणेच्या वाटेवर आनशुनला तर पेट्या गुहेत ठेवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या नानजिंगला परतल्या, तोवर कम्युनिस्ट आणि चँग कै-शेकचा सत्ताधारी कुओमिंतांग पक्ष यांच्यातलं यादवी युद्ध पेटलं होतं.

बाजी हातातून निसटते आहे हे पाहून चँग कै-शेकच्या सरकारने डिसेंबर 1948 ते फेब्रुवारी 1949 या काळात तीन जहाजांतून पेट्या तैवानला हलवल्या. पहिल्या जहाजात राजवाड्याच्या 320, दुसऱ्यात 1,680 आणि तिसऱ्यात 972. तिसऱ्या जहाजावर नौदलातल्यांची कुटुंबं आधीच चढून बसली होती आणि ठरवलेल्या सगळ्या पेट्या मावल्या नाहीत. एकूण 2,972 पेट्या समुद्र ओलांडून गेल्या.

म्हणजे 1933 मध्ये निघालेल्यांपैकी साधारण 22 टक्के. इथेच त्या लोकप्रिय वाक्याचा फोलपणा उघड होतो: 'बीजिंगमध्ये राजवाडा आहे पण आत काही नाही, तैपेईत ऐवज आहे पण राजवाडा नाही.' उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध नाही. बहुतेक पेट्या चीनमध्येच राहिल्या आणि त्यातल्या काही तर आजही नानजिंगमध्ये आहेत. जे कधी पेटीत भरलंच गेलं नव्हतं ते वाड्यातच होतं. आज बीजिंगच्या संग्रहात 18 लाख 60 हजारांहून जास्त वस्तू आहेत, तैपेईत सुमारे सात लाख, आणि त्यातलाही मोठा भाग दुर्मिळ ग्रंथ आणि दरबारी कागदपत्रांचा. तरीही ते वाक्य उगाच जन्माला आलेलं नाही. तैवानला काय न्यायचं हे जाणकारांनी ठरवलं होतं. 1935-36 मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या वस्तूंच्या 80 पेट्या त्यात होत्या. घाईत घर सोडताना माणूस कपाटातलं काय आधी उचलतो, तसंच हे. संख्येने बीजिंग मोठं, निवडीने तैपेई भारी, असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

तैवानमध्ये या पेट्या बरीच वर्षं तायचुंगजवळ गोदामांत होत्या. तैपेईच्या टेकडीवरची इमारत उघडली 12 नोव्हेंबर 1965 रोजी, चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्-सेन यांच्या जन्मशताब्दी वर्षात. वरून चिनी महालाचं रूप, आत काँक्रीट, आणि मागच्या डोंगरात वस्तू ठेवायला खणलेले बोगदे. वास्तू म्हणून तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं मला दिसत नाही. ती वस्तू नीट जपायला बांधली आणि ते काम ती चोख करते.

वस्तूंच्या बाबतीत मात्र तैपेईत पाय निघत नाही. कोबी जेमतेम 19 सेंटीमीटरचा. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा असा जेडचा एकच तुकडा घेऊन कारागिराने पांढऱ्याचे देठ केले आणि हिरव्याची पानं. पानांवर एक टोळ आणि एक नाकतोडा बसलेत, त्यांच्या मिशांसकट. शेजारी पाहायला मिळतो तो डुकराच्या मांसाचा शिजलेला तुकडा, तोही दगडाचा, साडेपाच सेंटीमीटरपेक्षा जरासा उंच, वरच्या कातडीवर रोमछिद्रंही कोरलेली. गर्दी या दोघांभोवती होते. मला विचाराल तर तैपेईचा खरा ठेवा म्हणजे सोंग काळातली निसर्गचित्रं, त्यातही फान क्वानचं दोन मीटर उंचीचं डोंगराचं चित्र. डोंगर एवढा की खालचा वाटसरू आणि त्याची खेचरं शोधावी लागतात. फान क्वानची सही तर पानांच्या गर्दीत इतकी लपलेली आहे की ती 1958 मध्ये सापडली. रेशमावरची ही चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून मोजके दिवस बाहेर येतात आणि मग वर्षानुवर्षं विश्रांती घेतात. त्यामुळे जाण्याआधी चौकशी करणं बरं.

तैपेईत आपल्यासाठीही एक दालन आहे म्हणायला हरकत नाही. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग बादशहाला मोगल घडणीच्या जेडचं वेड होतं. मध्य आशियाच्या वाटेने आलेल्या पातळ पाकळ्यांच्या वाट्या आणि कमळासारख्या थाळ्या त्याने जमवल्या, त्यांवर कविता कोरून घेतल्या, आणि हे 'हिंदुस्तान' नेमकं कुठे आहे याचाही शोध घेतला.

याच छ्येनलोंगची एक लहानशी खोली बीजिंगच्या यांगशिन महालात आहे. नाव सान्शीथांग, 'तीन दुर्मिळांची खोली'. 1746 मध्ये त्याने तीन जुनी सुलेखनं तिथे एकत्र ठेवली. चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीझी याचं, त्याचा मुलगा वांग श्येनझीचं आणि त्यांच्याच कुळातल्या वांग शुनचं. वांग शीझीचं पत्र 28 अक्षरांचं आहे. बर्फ पडून आभाळ मोकळं झालं, तुम्ही सुखरूप असाल, इतकंच. ते तळहातापेक्षा थोडंच मोठं आहे, आणि भोवतीच्या कोऱ्या जागेत छ्येनलोंगने आयुष्यभर लिहून ठेवलं. बर्फ पडला की तो ते काढून बघायचा आणि पुन्हा काहीतरी लिहायचा.

हे पत्र आज तैपेईत आहे. बाकीची दोन पुयीच्या काळात वाड्याबाहेर गेली, हाँगकाँगपर्यंत पोचली आणि 1951 मध्ये चीन सरकारने विकत घेऊन बीजिंगला परत आणली. म्हणजे मुलगा आणि आप्त बीजिंगमध्ये, वडील तैपेईत, आणि खोली बीजिंगमध्ये.

ग्रंथांचंही तसंच. बीजिंगच्या राजवाड्यात बहुतेक ठिकाणी पिवळी कौलं असताना वेनयुआन ग्रंथागाराला मात्र काळी कौलं आहेत. काळा रंग पाण्याचा, आणि पुस्तकांना भीती आगीची. छ्येनलोंगने संकलित करून घेतलेल्या 36 हजारांहून जास्त हस्तलिखित खंडांच्या महाकोशाची पहिली प्रत इथल्या कपाटांत होती. खंड तैपेईला गेले, ग्रंथागार बीजिंगमध्ये राहिलं.

दोन्हीकडे जाणं जमत असेल तर आधी बीजिंग करा. पासपोर्टवर आगाऊ नोंदणी करून दक्षिणेच्या वूमन दरवाजातून आत शिरायचं आणि उत्तरेकडून बाहेर पडायचं. वाटेत सरळ मधल्या अक्षावरच चालत राहू नका. पूर्वेच्या अंगणांकडे वळून योंगहे महाल शोधा. ग्वांगशू बादशहाची राणी जिन तिथे राहायची आणि तो कोबी तिथेच होता, मिन्याच्या नक्षीच्या छोट्या कुंडीत रोवलेला.